दुखऱ्या सांध्यांना व्यायाम

घरात कोणी आजारी पडले की त्याच्या हातातले काम काढून घ्यावे आणि त्याला स्वस्थ पडू द्यावे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. ती मायेतून आलेली आहे, आणि ताप, गोवर, कावीळ यांसारख्या दुखण्यांत बहुधा योग्यही ठरते. परंतु काही दुखणी पाहुण्यासारखी चार दिवस राहून निघून जात नाहीत. ती घरातच बिऱ्हाड करतात. अशा दुखण्यात चार दिवसांची म्हणून सुरू केलेली विश्रांती चार वर्षांची होऊन बसते, आणि मग रोगाने केलेले नुकसान कोणते आणि विश्रांतीने केलेले कोणते, हे निवडून काढणे कठीण होते. आमवात हे अशांपैकी एक दुखणे. त्यात व्यायामाचे स्थान काय, याविषयी आज बोलायचे आहे. मी वैद्य नाही. सरकारी नोकरीतला माणूस आहे. पण गेली काही वर्षे हे दुखणे आमच्या घरात आहे आणि त्याच्या निमित्ताने जे वाचले, विचारले आणि चुकत माकत शिकलो, ते सांगण्यासारखे आहे असे वाटते.

प्रथम नावाचा घोळ दूर करायला हवा. मराठीत सांधे दुखू लागले की आपण सरसकट ‘संधिवात’ म्हणतो. साठीतल्या आजीचे गुडघे झिजले तरी संधिवात, आणि तिशीतल्या सुनेची बोटे सुजली तरी संधिवातच. वस्तुतः ही दोन दुखणी अगदी भिन्न आहेत. पहिल्यात सांध्याची झीज असते. दुसऱ्यात शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच वाट चुकते आणि बाहेरच्या जंतूंवर धावून जाण्याऐवजी स्वतःच्या सांध्यांच्या आतल्या पातळ अस्तरावर चालून जाते. ते अस्तर सुजते, जाड होते आणि कालांतराने शेजारची कूर्चा व हाड पोखरू लागते. इंग्रजीत अशा रोगांना ‘ऑटोइम्यून’ म्हणतात. आपण त्यांना स्वप्रतिरक्षेचे रोग म्हणू. शरीर स्वतःवरच उलटू शकते ही कल्पना शास्त्रज्ञांनाही सहजासहजी पटली नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल एर्लिख यांच्यासारख्या थोर संशोधकाने शरीर असा आत्मघात टाळतेच असे मत मांडले होते, आणि त्या मताचा दबदबा सुमारे अर्धशतक टिकला. 1956 साली थायरॉइड ग्रंथीच्या एका विकारात हा आत्मघात प्रत्यक्ष दाखवून देण्यात आला, तेव्हा कोठे हा विचार रूढ झाला.

आमवाताची ओळख पटवणाऱ्या खुणा साध्या आहेत. दोन्ही हातांची मधली व मुळाजवळची बोटांची पेरे, मनगटे, पावलांचे पुढचे सांधे सुजतात. बहुधा उजवीकडे जे होते तेच डावीकडेही होते. सकाळी उठल्यावर सांधे तासभर किंवा अधिक काळ आखडलेले असतात. स्त्रियांमध्ये हा रोग पुरुषांपेक्षा दुपटी-तिपटीने अधिक आढळतो, आणि पुष्कळदा तो संसाराच्या ऐन भरात येतो.

आमच्या घरी तो 2017 च्या जानेवारीत आला. नोकरीच्या निमित्ताने आम्ही पंचकुल्यात राहतो. घग्गर नदीचे पाणी आणणाऱ्या पाच कुलांवरून, म्हणजे पाटांवरून, या गावाला नाव पडले असे सांगतात. मागे शिवालिकच्या टेकड्या, शेजारी चंदीगड. येथला जानेवारी मराठी माणसाला नवाच असतो. पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि दिवसचे दिवस धुके हटत नाही. त्यामुळे माझ्या पत्नीची बोटे सकाळी वळेनाशी झाली तेव्हा आम्ही थंडीलाच दोष दिला. पुढे बोटातली अंगठी निघेना, वेणी घालायला हात मागे जाईना, दाराच्या कुलपात किल्ली फिरेना. एका दवाखान्यात वेदनाशामक गोळ्या आणि ‘पूर्ण विश्रांती’ असा सल्ला मिळाला. गोळ्यांनी दुखणे झाकले आणि आम्ही विश्रांतीच्या मागे लागलो. माझी आई साताऱ्याहून मुद्दाम आली आणि तिने सुनेच्या हातातले सारे काम काढून घेतले. पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देईना. शेजारीपाजारी आईचे कौतुक करीत. मीही करीत होतो.

आमवाताचे निदान होईपर्यंत आठ महिने गेले. त्यानंतर योग्य औषध सुरू झाले, सूज उतरू लागली. तरी पत्नीला जमिनीवरून उठता येईना. उजवा कोपर सरळ होईना. तिला तपासणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मापनाची फीत घेऊन दोन्ही मांड्यांचा घेर मोजला, थोडा वेळ गप्प राहिल्या, आणि मग आईकडे वळून आदराने म्हणाल्या, “माताजी, आपण हिची फार सेवा केलीत. आता थोडी कमी करा.” आईला ते लागले. मलाही लागले, कारण दोष तिचा एकटीचा नव्हता.

तथापि आमच्या अज्ञानाला थोडा इतिहासाचाही आधार आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या साठ-सत्तर वर्षांत पाश्चात्त्य वैद्यकातही आमवाताच्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे खाटेवर झोपवून ठेवीत आणि सुजलेले सांधे पट्ट्यांत बांधून निश्चल करीत. त्यामागचा तर्क सरळ होता: दाह झालेला सांधा हलवला तर दाह वाढेल. 1948 मध्ये अमेरिकेतील रोचेस्टर येथे डॉ. फिलिप हेंच यांनी खाटेला खिळलेल्या एका 29 वर्षांच्या स्त्रीला कॉर्टिसोन टोचले आणि ती काही दिवसांत चालू लागली, तेव्हा औषधांचे नवे युग सुरू झाल्यासारखे वाटले. 1950 मध्ये या कार्याला नोबेल पारितोषिकही मिळाले. पण ते औषध दीर्घकाळ दिले की हाडे ठिसूळ होतात आणि स्नायू झिजतात, हे लवकरच ध्यानात आले. म्हणजे विश्रांतीने जे झिजत होते तेच औषधानेही झिजू लागले.

खाटेवरचे राज्य ढासळू लागले ते 1970 नंतर. स्वीडनमधील काही डॉक्टरांनी 1975 च्या सुमारास आमवाताच्या रुग्णांकडून सायकलीवर आणि चालण्याचा पद्धतशीर व्यायाम करवून घेतला. रुग्णांची ताकद वाढली, दम वाढला, आणि ज्याची भीती होती ती सूज काही वाढली नाही. त्यानंतर असे प्रयोग अनेक देशांत झाले. नेदरलँड्समध्ये 309 रुग्णांवर केलेल्या आणि 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्यांनी आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी सव्वा तास, असा चांगला घाम काढणारा व्यायाम दोन वर्षे केला. त्यांची कार्यक्षमता सुधारली, मनाची खिन्नताही काहीशी कमी झाली, आणि रोगाचा जोर वाढला नाही. एक सावधगिरी मात्र त्या अभ्यासाने शिकवली: ज्यांचे गुडघा, खुबा, खांदा असे मोठे सांधे आधीच पुष्कळ खराब झालेले होते, त्यांना वजन आणि धक्का देणारा जोराचा व्यायाम मानवेलच असे नाही. त्यांना वेगळा बेत आखावा लागतो. हातांपुरता बोलायचे तर इंग्लंडमध्ये 490 रुग्णांचा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात औषधाच्या जोडीला बोटे-मनगटांचे ताणण्याचे आणि बळाचे व्यायाम ज्यांनी केले, त्यांचे हात वर्षभरानंतर इतरांपेक्षा अधिक कामाचे राहिले होते.

येथे आपल्या जुन्या ग्रंथांचीही एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. सुमारे सातव्या-आठव्या शतकातल्या माधवनिदानात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे. ग्रंथकाराच्या मनातला आमवात आणि आजच्या प्रयोगशाळेतला आमवात तंतोतंत एकच आहेत असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण कारणे मोजताना माधवाने दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत: एक निश्चलपणा, आणि दुसरी स्निग्ध जेवणावर लगेच केलेला व्यायाम. अजिबात न हलणे वाईट आणि अवेळी हलणेही वाईट, ही जोडी मला मार्मिक वाटते.

हालचालीने दाह झालेल्या सांध्याचे भले कसे होते, हे समजून घेतले म्हणजे भीती बरीच कमी होते. सांध्यातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यात जो वंगणासारखा द्रव असतो त्यातून तिला पोषण मिळते, आणि तो द्रव तिच्यात झिरपतो तो सांधा दाबला आणि मोकळा झाला तरच. सांधा हलला नाही तर कूर्चा उपाशी राहते. दुसरे, सांध्याचा भार वस्तुतः त्याच्या भोवतीचे स्नायू वाहत असतात. मांडीचा पुढचा स्नायू रोडावला की प्रत्येक पावलाचा धक्का थेट गुडघ्याला बसतो. आमवातात हे स्नायू दाहानेच झिजत असतात. त्यात विश्रांतीची भर पडली की झीज दुप्पट वेगाने होते. तिसरे कारण अलीकडे, डेन्मार्कमधील संशोधनामुळे, स्पष्ट झाले आहे. काम करणारा स्नायू रक्तात काही रसायने सोडतो आणि त्यांच्यामुळे शरीरभरचा दाह शमवणारी दुसरी रसायने तयार होतात. स्नायू हा नुसता दोर नाही, ती एक ग्रंथीच आहे म्हणा ना! आणि चौथे कारण सर्वांत कमी बोलले जाते: आमवाताच्या रुग्णांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या जवळजवळ दीडपट असतो. बोटांकडे पाहता पाहता आपण हृदय विसरतो. चालण्याने ते विसरले जात नाही.

यावर आपल्याकडच्या बायका एक प्रश्न हमखास विचारतात, आणि तो रास्त आहे: “दिवसभर घरात राबते, आणखी व्यायाम तो कशाला?” या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला भिगवणची आठवण होते. पुणे-सोलापूर रस्त्यावरचे, इंदापूर तालुक्यातले हे गाव उजनी धरणाच्या पाणवठ्यावरच्या रोहित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. पण सांध्यांच्या रोगांच्या अभ्यासकांना ते वेगळ्याच कारणाने माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारलेल्या एका योजनेखाली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये तेथे घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. आमवाताचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का निघाले, म्हणजे दर दोनशे माणसांत एक. आमवात हा बसून खाणाऱ्या शहरी माणसांचा रोग आहे, अशी कोणाची समजूत असेल तर या आकड्याने ती दूर व्हावी. खुरपणारी, भारे वाहणारी, पाणी शेंदणारी माणसेही त्यातून सुटलेली नाहीत.

श्रम आणि व्यायाम यांत भेद आहे तो हाच. श्रमात कामाची गरज ठरवते की कोणता सांधा किती वेळ आणि किती जोराने वापरायचा. खुरपताना तीच बोटे तासन्‌तास मिटलेली राहतात. धुणे पिळताना मनगट त्याच दिशेला पुनःपुन्हा मुरडते. भाकरी थापताना तळहाताच्या टोकाशी एकसारखा मार बसतो. दुखू लागले तरी थांबता येत नाही, कारण तव्यावरची भाकरी थांबत नाही. व्यायामात मात्र सांधा आपण निवडतो, दिशा आपण निवडतो आणि दुखले की थांबतो. श्रमाने एक सांधा झिजत असतो त्याच वेळी दुसरा न वापरल्याने आखडत असतो. व्यायामाने दोघांचाही हिशेब जुळवून घेता येतो. म्हणून राबणाऱ्या बाईलाही व्यायाम हवा, आणि त्याच्या जोडीला राबण्याची रीतही थोडी बदलायला हवी. कढई एका हाताने कडीला धरून उचलण्याऐवजी दोन्ही तळहातांखाली फडके घेऊन उचलावी. कापड पिळण्याऐवजी नळाभोवती वेढा देऊन ओढावे. फिरवण्याच्या नळाऐवजी दांडीचा नळ बसवावा. आमच्या स्वयंपाकघरात तो बसवायला दोन-तीनशे रुपये लागले आणि रोजच्या वीस-पंचवीस वेदना वाचल्या. पिशवी बोटांत लटकवण्याऐवजी कोपरात अडकवावी. ही यादी कितीही वाढवता येईल. तत्त्व एकच: जड काम लहान सांध्याकडून काढून मोठ्या सांध्याकडे द्यावे. कार्यालयात याच्या उलट चालते, हा भाग वेगळा.

आता वेळेचा प्रश्न. आपल्या परंपरेत व्यायाम म्हटला की पहाट ठरलेलीच. आमवाताच्या रुग्णाला मात्र पहाटेसारखी वाईट वेळ नाही. रात्रीच्या उत्तरार्धात दाह उत्पन्न करणारी रसायने रक्तात वाढू लागतात आणि त्यामुळे सकाळी सांधे सर्वांत अधिक आखडलेले असतात. तेव्हा उठल्यावर कोमट पाण्यात हात बुडवून बोटे हलकेच मिटावी-उघडावी, अंघोळ करावी, आणि खरा व्यायाम दहा-अकरा वाजता किंवा संध्याकाळी करावा. येथे पंचकुल्यात चालायला जाण्याला ‘सैर’ म्हणतात आणि प्रत्येक सेक्टरच्या बागेत सैर करणाऱ्यांचे तांडे सूर्योदयापूर्वी निघतात. माझी पत्नी हिवाळ्यात साडेअकराला, उन्हे चांगली पसरल्यावर निघते आणि मे-जूनमध्ये दिवस मावळल्यावर. पहिल्या वर्षी बागेतल्या बायका तिला आळशी समजत. त्यांच्यातल्या दोघी-तिघी आता तिच्याबरोबर साडेअकरालाच येतात. त्यांना आमवात नाही, धुके आवडत नाही एवढेच.

मराठी घरात व्यायाम म्हणजे सूर्यनमस्कार. औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांचा केवढा प्रसार केला, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. परंतु मनगटे सुजलेली असताना नेहमीचा नमस्कार घालू नये. त्यात शरीराचा बराचसा भार मागे मुडपलेल्या मनगटांवर येतो, आणि आमवाताचा पहिला हल्ला बहुधा तेथेच असतो. भिंतीवर कोपरापासूनचा हात टेकून किंवा खुर्चीवर बसून त्यातल्या हालचाली करता येतात. भक्ती उणी होत नाही. शीर्षासन, सर्वांगासन आणि हलासन यांविषयी तर अधिकच कडक राहिले पाहिजे. पुष्कळ वर्षांच्या आमवातात मानेच्या सर्वांत वरच्या दोन मणक्यांमधला बंध सैल होतो. वरून काही दिसत नाही, पण मानेवर भार आला तर मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. मानेचा क्ष-किरण फोटो आणि डॉक्टरांची संमती यांखेरीज ही आसने करू नयेत, आणि कोणत्याही योगशिक्षकाने आग्रहाने करवून घेऊ नयेत.

याचा अर्थ योगाला आमवातात स्थान नाही असा मुळीच नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत 72 रुग्णांवर केलेला एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. आठ आठवडे योगसाधना करणाऱ्या गटात रोगाचा जोर आणि मनाची खिन्नता ही दोन्ही अधिक उतरली. हा अभ्यास सांगताना त्यातला एक तपशील लोक गाळतात: दोन्ही गटांतील रुग्णांची औषधे चालूच होती. योग औषधाच्या जोडीला होता, औषधाच्या जागी नव्हता. आमवातात पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध मिळाले तर हाडांची हानी पुष्कळ अंशी टळते. ते महिने निघून गेले तर वाकडे झालेले बोट कोणत्याही व्यायामाने सरळ होत नाही. आमचे आठ महिने गेले, म्हणून हे जरा जोर देऊन सांगतो. चंदीगडला 1962 मध्ये स्थापन झालेली पदव्युत्तर वैद्यकीय संस्था आहे. पंजाब, हरियाणा, हिमाचलातून रुग्ण तेथे येतात. त्या गर्दीत वाकलेल्या बोटांच्या तरुण बायका पाहिल्या की, यांतल्या कितीजणींना घरच्या मायेने उशीर करवला असेल, हा विचार मनातून जात नाही.

सर्वांत अवघड गोष्ट मात्र मात्रेची आहे. किती करावे? निरोगी माणसासाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये सांगितलेले प्रमाण असे: आठवड्याला किमान दीडशे मिनिटे दम किंचित लागेल असे चालणे वगैरे, आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम. दीर्घकालीन आजार असलेल्यांनाही हेच ध्येय सांगितले आहे. तेथे पोचण्याची वाट मात्र ज्याची त्याने आखायची. आमच्याकडे मी उत्साहाच्या भरात एक तक्ता केला. शासकीय सवयच ती. सोमवारपासून रविवारपर्यंत रकाने, दर आठवड्याला पाच मिनिटांची वाढ, आणि शेवटी सहीची जागा. पहिले तीन आठवडे तक्ता सुरेख चालला. चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी पत्नी म्हणाली, “अहो, आज गुडघा गरम लागतोय, आज नको.” मी म्हणालो, “रकाना रिकामा राहील.” ती गेली. पुढचे चार दिवस तिला पलंगावरून उतरता आले नाही. तो तक्ता मी फाडून टाकला.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्याच्या जागी दोन सोपे नियम दिले. व्यायामानंतर वाढलेले दुखणे दोन तासांच्या आत पूर्ववत झाले तर मात्रा बरोबर आहे. दोन तासांपेक्षा अधिक टिकले, किंवा दुसऱ्या दिवशी सांधा सुजला, तर पुढच्या वेळी कमी करायचे. बंद करायचे नाही. आणि चालताना बोलता येत असेल पण गाता येत नसेल, तर वेग ठीक आहे. रोगाला भरती-ओहोटी असते. भरतीच्या दिवसांत, सांधा लाल व गरम असताना, भाराचा व्यायाम करायचा नाही. तेव्हा प्रत्येक सांधा दिवसातून एकदोनदा जेथवर सहज जाईल तेथवर न्यायचा, आणि स्नायू सांधा न हलवता नुसते आवळायचे. उदाहरणार्थ, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच आकडे मोजेपर्यंत खाली दाबून धरायची आणि सोडायची, असे दहा वेळा. ओहोटीच्या दिवसांत खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे, चालणे, आणि हातांसाठी मऊ चेंडू दाबणे. आमच्या घरात चेंडूच्या जागी कणकेचा सैलसर गोळा आला. येथले गहू उत्तम, त्यामुळे त्याची उणीव नव्हती.

विश्रांतीही हवीच. या रोगातला थकवा हा कामाने आलेला थकवा नव्हे. तो आतल्या दाहाचा असतो आणि बाहेरून दिसत नाही. म्हणूनच घरच्यांना तो खोटा वाटतो आणि रुग्णाला अपराध्यासारखे होते. दुपारी अर्धा-पाऊण तास पडावे, काम तुकड्यांत करावे, एका दिवशी धुणे आणि पाहुणे दोन्ही ठेवू नयेत. गंमत अशी की नियमित चालण्याने हाच थकवा काही आठवड्यांत कमी होतो. पण पहिले काही आठवडे ते पटत नाही, आणि तेवढेच दिवस सोबतीची गरज असते. परप्रांतात सोबत मिळणे सोपे नसते. बागेतल्या त्या दोघी-तिघींनी जे केले ते मला जमले नसते. त्या तिला आजाराविषयी काही विचारीतच नसत.

स्वप्रतिरक्षेच्या इतर रोगांचाही येथे ओझरता उल्लेख करायला हवा, कारण प्रत्येकाचे पथ्य निराळे आहे. तरुण पुरुषांत अधिक आढळणारा पाठीच्या कण्याचा एक दाह आहे. त्यात विश्रांतीने दुखणे वाढते आणि हालचालीने उतरते, आणि ही गोष्टच निदानाची खूण मानतात. पहाटे पाठ दुखून जाग येते आणि फिरल्यावर बरे वाटते, असे तीन महिने चालले असेल तर नुसते ‘बैठे काम आहे’ म्हणून सोडून देऊ नये. ल्यूपस नावाच्या विकारात उन्हाने रोग चेतू शकतो. तेथे साडेअकराची सैर चालणार नाही. ज्या रोगात मेंदूतील व मज्जारज्जूतील तंतूंचे आवरण झिजते, त्या मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांना अंग तापले की लक्षणे तात्पुरती वाढतात. म्हणून त्यांना दीर्घकाळ व्यायामाची बंदी होती. 1996 मध्ये अमेरिकेत पंधरा आठवड्यांच्या व्यायामाचा प्रयोग यशस्वी झाल्यावर ती बंदी सैल होत गेली. आपल्या उन्हाळ्यात अशांनी थंड वेळ आणि पंखा यांची सोय पाहावी. बालवयात सुरू होणाऱ्या मधुमेहात इन्शुलिन घेणाऱ्याने व्यायामापूर्वी रक्तातील साखर पाहावी आणि खिशात साखरेच्या पुड्या ठेवाव्यात.

आई अजून वर्षातले सहा महिने आमच्याकडे असते. फिजिओथेरपिस्ट बाईंच्या त्या बोलण्यानंतर काही दिवस ती रुसून होती. मग तिने स्वतःचा एक मार्ग काढला. मटार सोलायला दोघी समोरासमोर बसतात. आईची परात भरते तेव्हा सुनेची वाटीही भरलेली नसते. पूर्वी आई ती वाटी ओढून घेत असे. आता ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसते, साताऱ्याच्या गोष्टी सांगते, आणि एकही शेंग उचलत नाही. ते तिला किती जड जाते हे तिच्या बोटांकडे पाहिल्यावर कळते. पत्नीचा उजवा कोपर अजूनही पूर्ण सरळ होत नाही, आणि तो आता होणार नाही असे डॉक्टर म्हणतात. मात्र मागच्या हिवाळ्यात ती मोरनीच्या डोंगरातल्या तलावाला एक फेरी घालून आली, मध्ये दोनदा बसून. त्या दिवशी मी मिनिटे मोजली नाहीत.